गोंगाट आणि संगीत: मधली रेषा कोण ओढतो?

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस आवाजावर काय बोलणार?" आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने आयुष्यभर दुसरं केलंय काय? आवाजच केलेला असतो. (हशा)

पण विषय थट्टेचा नाही. बीड जिल्ह्यात तुम्ही कुठेही राहा, अंबाजोगाईत राहा, परळीत, गेवराईत किंवा एखाद्या वाडी-तांड्यावर, वर्षातून काही रात्री अशा येतात की हा प्रश्न तुमच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. वरात असते, मिरवणूक असते, सप्ताह असतो, उसाच्या ट्रॅक्टरवरचा डेक असतो. वाजवणारा म्हणतो, हे संगीत आहे. ऐकणारा म्हणतो, हा गोंगाट आहे. दोघंही प्रामाणिक असतात. मग खरं कोणाचं?

आपल्या भाषेतला एक शब्द घेऊन सुरुवात करू. गजर. कीर्तनात शंभर माणसं टाळ वाजवत एका सुरात नाम घेतात, तो गजर. आणि पहाटे पाचला उशाशी घड्याळ किंचाळतं, तोही गजरच. एका गजराने माणूस देहभान विसरतो, दुसऱ्याने देहभानावर येतो आणि घड्याळ बंद करतो. (हशा) मराठीने दोघांना एकच शब्द दिला, आणि त्यात भाषेची चूक झाली असं आम्हाला वाटत नाही. ही रेषा पुसट आहे, हे भाषेला आपल्याआधी कळलेलं दिसतं.

आता ही रेषा आपण तीन ठिकाणी शोधू. पहिल्यांदा खुद्द आवाजात. मग ऐकणाऱ्याच्या कानात. आणि दोन्हीकडे सापडली नाही, तर तिसरीकडे.

रेषा आवाजात आहे का?

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान हेल्महोल्ट्झ यांचा स्वरांच्या संवेदनेवरचा मोठा ग्रंथ 1863 साली आला. त्यांनी प्रश्न अगदी सरळ सोडवला. कंपनं नियमित असली, म्हणजे तीच तीच लहर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा आली, की सूर. कंपनं अनियमित, विस्कटलेली असली की गोंगाट. बासरी, तार, गळा हे सूर. गाडीची खडखड, वाऱ्याचा घोंघाट, पाण्याचा खळाळ हा गोंगाट.

व्याख्या स्वच्छ आहे. आता तिची परीक्षा घेऊ. गाणं शिकताना पहिला स्वर कोणता म्हणतो आपण? सा. त्यातला 'आ' हा सूर. पण 'स' काय आहे? दातांमधून सुटलेली नुसती हवा. तिची लहर मोजायला जाल तर अगदी विस्कटलेली. म्हणजे हेल्महोल्ट्झच्या हिशेबाने आपल्या पहिल्या स्वराचं नावच गोंगाटाने सुरू होतं! श, फ, ख, सगळी तीच जात. ही व्यंजनं काढून टाका, गाण्यात शब्द उरणार नाहीत. गाणाऱ्याच्या गळ्यातून सूर आणि गोंगाट हातात हात घालूनच बाहेर पडतात.

तंबोऱ्याचं बघा. घोडीवर तारेखाली आपण सुताचा एक बारीक दोरा सरकवतो. कशासाठी? तार घोडीच्या पृष्ठाला हलकेच घासत थरथरावी म्हणून. त्याला आपण जवारी म्हणतो. दोरा काढला की तार कशी वाजते? स्वच्छ, पण कोरडी. दोरा जागेवर बसला की ती झणझणते, भरते, तिच्यातून वरचे स्वर उमलतात. सूर समृद्ध करायला आपण त्यात मुद्दाम खरखर मिसळतो, आणि मग तिलाच सुरेल म्हणतो.

उलट्या बाजूचं उदाहरण तर आणखी नवलाचं आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचं नाव आपण प्रकाशाच्या संशोधनासाठी घेतो, 1930 च्या नोबेलसाठी घेतो. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1920 साली, रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये भारतीय तालवाद्यांवर एक टिपण लिहिलं. त्यांचा मुद्दा असा. साधं कातडं गोल कड्यावर ताणून त्यावर थाप मारली, तर त्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ नाद 1 धरला तर पुढचे 1.59, 2.14, 2.30 अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात. कानाला ते धप् असं लागतं. सूर म्हणून टिकत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर मात्र मधोमध काळी शाई असते. लोहकिसाची लुकण थरावर थर देऊन, दगडाने घोटून बसवलेली. त्या वजनाने कातड्याची कंपनं अशी बदलतात की वरचे नाद 1, 2, 3, 4, 5 अशा सरळ प्रमाणाच्या जवळ येतात. तारेच्या नादासारखे. कातडं गायला लागतं!

हे कोणी केलं? कोण्या शास्त्रज्ञाने नाही. नाव माहीत नसलेल्या कारागिरांनी, कानाने ऐकून, पिढ्यान्पिढ्या घोटून केलं. आपल्या गावच्या भजनी मंडळाच्या पखवाजाला डाव्या अंगाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात, बघितली आहे ना? घरात पोळीला लागते तीच कणीक. ती त्याच विद्येची धाकटी बहीण. थापली की धूम घुमतो, काढली की ठणठण होतो.

म्हणजे पहिल्या जागेचा निकाल काय? सुरात गोंगाट आहे. गोंगाटात सूर आणता येतो. आवाजाच्या आत अशी एक पक्की रेषा नाही की जिच्या अलीकडे संगीत आणि पलीकडे गोंगाट.

मग ती कानात आहे का?

आता आपल्या मराठवाड्यातल्याच एका माणसाकडे जाऊ. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्या सेनापतीचं, खोलेश्वराचं नाव अंबाजोगाईकरांना सांगायला नको. त्याच्या नावाचं देऊळ इथे आहे. त्याच दरबारात एक गृहस्थ हिशेबाच्या खात्याचे प्रमुख होते. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांच्या वेळी दक्षिणेत आलेलं. नाव शार्ङ्गदेव. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आपला मानतात.

शार्ङ्गदेव स्वराची ओळख सांगतात तेव्हा आवाजाचे गुण सांगतातच. तो स्निग्ध असावा, त्यात अनुरणन असावं, म्हणजे आघात संपल्यावरही तो घुमत राहावा. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. स्वर तो, जो स्वतःच्या बळावर ऐकणाऱ्याचं चित्त रंगवतो. बघा, व्याख्येत ऐकणारा आला! हेल्महोल्ट्झच्या व्याख्येत नुसती लहर होती. देवगिरीच्या हिशेबनिसाने श्रोत्यालाही हिशेबात धरलं.

पण त्याबरोबर अडचणही आली. कोणाचं चित्त? कोणत्या सवयीचं? कोणत्या घरात वाढलेलं?

इथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. फार अभिमानाची नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आम्ही नवीन प्राध्यापक होतो. राहायला भाड्याची खोली होती, मागे एक वस्ती होती. संध्याकाळी आम्ही पीएच.डी.चं वाचन करायचो आणि मागून हलगी वाजायची. कधी लग्न, कधी पोळा, कधी अंत्ययात्रा. दोन वर्षं सहन केलं आणि मग नगरपालिकेला अर्ज लिहिला. छान भाषेत लिहिला. "सदर गोंगाटामुळे अध्ययनास व्यत्यय येतो" वगैरे. गावात अर्ज लपत नाही, आमचाही लपला नाही.

त्याच आठवड्यात तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही वर्णन आणि मूल्यनिर्णय यांतला फरक शिकवत होतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आला. म्हणाला, "सर, 'गोंगाट' हे वर्णन आहे का निवाडा?"

आम्हाला प्रश्न आवडला. आम्ही खूश होऊन समजवायला लागलो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही अर्ज केलाय ना सर, ती हलगी माझा बाप वाजवतो."

श्रोतेहो, चाळीस वर्षं शिकवलं, पण इतका चांगला प्रश्न आम्हाला पुन्हा कोणी विचारला नाही.

त्या रविवारी तो आम्हाला घरी घेऊन गेला. वडिलांनी अंगणात काटक्या आणि पाचटाचा जाळ केला. हलगी त्या जाळावर धरून फिरवू लागले. मधून काढायची, बोटाने टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा धरायची. आम्हाला वाटलं, ओल आली असेल. मुलगा म्हणाला, "सर, सूर लावतेत." ते नुसतं हसले. म्हणाले, "थंड हलगी बोलत नाही, मास्तर."

मग वाजवायला लागले. एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक कामटी. म्हणाले, "ह्यो लग्नाचा." थोड्या वेळाने, "ह्यो बैलाचा." मग थांबले, चाल अगदी संथ केली, मधे जागा सोडत गेले. "ह्यो मयताचा." तीन वेगळ्या चाली होत्या. दोन वर्षं आमच्या खिडकीखाली त्या वाजत होत्या, आणि आमच्या कानाला एकच धडधड ऐकू येत होती.

आता रामन यांचं गणित आठवा. हलगीला शाई नाही. तिचे वरचे नाद जुळत नाहीत. म्हणजे सुराच्या कसोटीवर ती नापास. पण तिचं संगीत सुरात नाहीच. ते दोन आघातांमधल्या अंतरात आहे, जाड-बारीक काठीच्या संवादात आहे. आम्ही चुकीच्या जागी ऐकत होतो. खरं म्हणजे ऐकतच नव्हतो.

आणि का ऐकत नव्हतो? इथे नुसत्या सवयीचा प्रश्न नाही. पखवाजाचं कातडं आणि हलगीचं कातडं यांत असा काय फरक आहे की एक देवळाच्या आत वाजतं आणि दुसरं पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर? फरक कातड्यात नव्हता. वाजवणाऱ्या हातांकडे गावाने कसं पाहिलं, त्यात होता. हलगी आपल्याकडे प्रामुख्याने मातंग समाजाने जपली. गावाला ती दवंडीला लागायची, लग्नाला लागायची, मयताला लागायची. पण तिला संगीत म्हणायला गाव तयार नव्हतं. आमचा कान त्याच गावात तयार झाला होता.

आम्ही त्या मुलाला विचारलं, "वडील आवडीने वाजवतात?" तो म्हणाला, "आवड विचारली कुणी, सर? बोलावणं आलं की जायचं. पण एकदा वाजवायला लागले की आवडीनंच वाजवतेत." दोन्ही वाक्यं खरी होती. पहिलं विसरून दुसरंच सांगत बसणं म्हणजे लोककलेचं कौतुक करून मोकळं होणं. तसं आम्हाला करायचं नाही.

अर्ज आम्ही मागे घेतला. या दुसऱ्या जागेचा निकाल असा: रेषा काही अंशी कानात आहे. पण कान एकट्याचा नसतो, तो समाजाने घडवलेला असतो. म्हणून 'गोंगाट' म्हणताना आपण पुष्कळदा आवाजाबद्दल नाही, माणसांबद्दल बोलत असतो.

तेच वाक्य पुन्हा

इथेच थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं. ऐकायला शिका, सगळं संगीत आहे, धन्यवाद. (हशा) पण पुढची गोष्ट अशी आहे.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सौ.चं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आणून आठ दिवस झाले होते. रात्री गल्लीत वरात आली. पुढे ट्रॉलीवर डीजेच्या भिंती. खिडकीची तावदानं थरथरत होती, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं, आणि सौ.चा हात छातीवर होता. आम्ही खाली गेलो. हात जोडून म्हटलं, वर आजारी माणूस आहे, थोडा आवाज कमी करा. एक मुलगा पुढे आला. उद्धट अजिबात नव्हता. म्हणाला, "सर, हे आमचं संगीत आहे. तुमच्या पिढीला समजत नाही."

आम्ही गप्प झालो. कारण बघा, हलगीच्या अंगणात आम्ही जे शिकलो होतो, तेच वाक्य तो आम्हाला ऐकवत होता. तेव्हा आम्ही चुकलो होतो. आताही चुकत होतो का? चाळीस वर्षांपूर्वीचा अर्ज आणि आजची विनंती यांत फरक काय? फरक दाखवता येत नसेल, तर दोन्हीपैकी एका वेळी आम्ही ढोंग केलं, हे कबूल करायला हवं.

उत्तर तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरला सापडलं नाही. सौ.ने दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गाणी चांगली होती हो. एक तर माझ्या आवडीचं होतं. मला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नव्हतं, एवढंच."

त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. (टाळ्या)

तिसरी जागा: दार

या वाक्याचा अर्थ लावायला थोडं बाहेर जाऊ. 1913 साली इटलीतल्या लुइजी रुसोलो नावाच्या चित्रकाराने 'गोंगाटाची कला' असा जाहीरनामा लिहिला. कारखाने, आगगाड्या, गर्दी यांच्या आवाजातून नवं संगीत करा, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने यंत्रंही बनवली. पुढे अमेरिकेत जॉन केज यांनी त्याहून टोक गाठलं. 29 ऑगस्ट 1952 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर हे पियानोवादक मंचावर आले, पियानोचं झाकण बंद करून बसले. रचनेचे तीन भाग, भागांच्या मधे झाकण उघडायचं, पुन्हा बंद करायचं. एकूण 4 मिनिटं 33 सेकंद. एकही स्वर वाजवला नाही. श्रोत्यांनी ऐकायचं काय? जे ऐकू येत होतं ते. बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस, शेजाऱ्याची कुजबुज. केज यांचं म्हणणं, लक्ष देऊन ऐकलं की कोणताही आवाज संगीत होऊ शकतो.

हा विचार मोठा आहे. हलगीच्या बाबतीत आम्ही जे उशिरा शिकलो, तेच हे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सभागृहात आलेले लोक आपणहोऊन आले होते. नाही आवडलं, तर उठून जाता येत होतं. केज यांच्या संगीताला दार होतं.

आता आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराकडे या. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन लाखो माणसं घराबाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, फडाशेजारी किंवा कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या बांधून राहतात. रात्रभर रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, डेकवर गाणी मोठ्याने लावलेली. ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूने विचार करा. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, डोळ्यांवर झोप, तो डेक त्याला जागा ठेवतो. त्याच्यासाठी ते गाणं जीव वाचवणारं आहे. पण कोपीत पहाटे उठून फडात जायचं म्हणून दोन घटका डोळा लागलेली बाई आहे. तिला जाऊन सांगा, लक्ष देऊन ऐक, सगळं संगीत आहे! तिला गाण्याची समज कमी नाही. तिला दार नाही. कोपीला तर खरोखरच दार नसतं.

तर आमचं म्हणणं हे आहे. आपण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. पहिला: हे संगीत आहे का? दुसरा: हे इथे, आत्ता, एवढ्या मोठ्याने वाजावं का? हलगीच्या वेळी आम्ही दुसऱ्या प्रश्नाच्या आडून पहिल्याचं उत्तर देऊन टाकलं. आमच्याकडे दार होतं. खिडकी लावता येत होती, खोली बदलता येत होती, वस्तीत जाऊन ऐकता येत होतं. आम्ही फक्त तुच्छतेने कान फिरवला होता. डीजेच्या वेळी तो मुलगा पहिल्या प्रश्नाच्या आडून दुसऱ्याचं उत्तर देत होता. ते त्याचं संगीत होतं, अगदी मान्य. पण त्याने माझ्या घरातलं दार काढून नेलं होतं.

आणि हे नुसतं रूपक नाही, बरं का. खर्जाच्या आवाजाची लहर लांब असते. सेकंदाला 50 कंपनांच्या आवाजाची लहर सुमारे 7 मीटर लांब. साध्या भिंती, खिडक्या, दारं तिला फारशी अडवत नाहीत. म्हणून डीजे लांब गेला की शब्द ऐकू येत नाहीत, पण धम् धम् घरात येतच राहते. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. माणसाने भिंत बांधून ती उणीव भरून काढली होती. ती भिंतही इथे निकामी होते.

कायद्याचं शहाणपण

आता कायदा बघू. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. व्यापारी भागात 65 आणि 55. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं.

डेसिबलचं गणित मात्र फसवं आहे. 55 आणि 100 यांत दुपटीहून थोडं कमी अंतर आहे असं वाटतं. पण दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 55 वरून 100 ला गेलात की ऊर्जा तीस हजार पटींहून जास्त. 85 डेसिबलमध्ये रोज 8 तासांच्या वर काम करणं कानाला धोक्याचं मानतात, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी करतात. त्या हिशेबाने 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. डीजेपुढे नाचणाऱ्या आपल्या पोरांच्या कानांचा हा प्रश्न आहे, केवळ वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचा नाही.

पण आम्हाला या नियमांत सर्वांत चांगलं काय वाटतं, सांगू? मर्यादा ठरवताना नियम राग विचारत नाहीत. भजन आहे की लावणी, हलगी आहे की डीजे, कोणत्या धर्माचं आहे, कोणत्या जातीचं आहे, हे मीटरला कळत नाही. कायदा पहिल्या प्रश्नाला हातच लावत नाही, तो फक्त दुसरा विचारतो. आणि तसंच असायला हवं. ज्या दिवशी पोलीस पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ लागतील, त्या दिवशी आमच्या त्या जुन्या अर्जावर सरकारी शिक्का बसेल.

मीटर सगळ्यांना सारखं मोजतं. आपण मात्र मीटर कोणाच्या दारात न्यायचं, हे निवडून ठरवतो. इथे तिसरी आणि शेवटची गोष्ट.

आपला काकडा

आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह होतो. समितीत आम्ही बरीच वर्षं होतो. पहाटे साडेचारला काकडा सुरू व्हायचा, देवळाच्या शिखरावर चार कर्णे. आम्हाला ते इतकं प्रिय की तो आवाज मोठा आहे, हे कधी ध्यानातच आलं नाही. डीजेवर आम्ही व्याख्यान देत होतो, आणि कायद्याने 6 पर्यंत बंद असलेला कर्णा आमच्याच संमतीने वाजत होता!

शेजारी एक परिचारिका राहते. रात्रपाळी करून पहाटे घरी येते. तिने कधी तक्रार केली नाही. एक दिवस सहज विचारलं, ताई, डोळे का लाल? ती संकोचाने म्हणाली, "सर, देवाचं आहे, कसं म्हणू? पण सात दिवस झोप नाही."

'कसं म्हणू' या दोन शब्दांत सगळं आहे. दार होतं की नाही, हा प्रश्न पुढचा. तिला दार मागण्याची सोयसुद्धा नव्हती.

समितीत विषय काढला. कुरकुर झाली. "दुसऱ्यांना सांगा की आधी," असंही कोणी म्हणालं. शेवटी ठरलं, सकाळी 6 पर्यंत कर्णे बंद. काकडा नुसत्या गळ्यांनी आणि टाळ-पखवाजाने. पहिल्या वर्षी देवळात माणसं कमी होतील अशी भीती होती. झालं असं की ज्यांना घरी अंथरुणात ऐकायची सवय होती, त्यातले काहीजण उठून देवळात आले. आणि कर्ण्याशिवाय आम्हाला पहिल्यांदाच पखवाजाच्या डाव्या अंगाची घूम नीट ऐकू आली. कणकेची.

म्हणून जाताना तीन प्रश्न देतो. परीक्षेत येणार नाहीत, पण गल्लीत येतील. (हशा) एखाद्या आवाजाला गोंगाट म्हणण्याआधी विचारा: मी तो कधी थांबून ऐकलाय का? आपला आवाज वाजवण्याआधी विचारा: ज्याला नको आहे, त्याला दार आहे का, आणि ते मागायची त्याला हिंमत होईल का? आणि दोन्ही वेळी विचारा: हाच आवाज आपल्यांचा नसता, किंवा आपल्यांचा असता, तर मी हेच म्हटलं असतं का?

संगीत आणि गोंगाट यांच्यातली रेषा पुसट आहे आणि ती पुसटच राहणार. ती पक्की करायला आम्ही आलो नव्हतो. ती ओढायची असते, आणि वाजवणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने एकट्याने ओढायची नसते, एवढं पटलं तरी पुष्कळ झालं. त्या हलगीवाल्या बाबांनी जाळावर धरून, टिचकी मारून, कान लावून, पुन्हा जाळावर धरून जे केलं, तसंच हे काम आहे. दर वेळी नव्याने करायचं.

आपण शांतपणे ऐकलंत. आता प्रश्न विचारा. बाहेरून वरात येतेय असं वाटतंय. ती पुढे जाईपर्यंत आपण थोडं थांबू.